भूतोबाची साक्ष

मित्रांनो, चारचौघांत ओळख करून द्यायची वेळ आली की माझी पंचाईत होते. मी एक जुना, पाण्याने भरलेला, पारदर्शक प्लास्टिकचा डबा आहे. आकाराने विटेएवढा. मला हात नाहीत, चाके नाहीत, बटण नाही, अंगावर साधा दिवासुद्धा लुकलुकत नाही. माझे काम काय, असे कोणी विचारले तर खरे उत्तर एकच, पडून राहणे. असा एखादा मामा बहुतेक घरांत असतो आणि त्याला सगळे नावे ठेवतात. मलाही ठेवली. पण माझ्या पडून राहण्यावर एका बाईचा पाय अवलंबून होता, तीच गोष्ट आज सांगणार आहे.

मी कर्करोगाच्या एका दवाखान्यात राहतो. तिथे तळमजल्यावर एमआरआयचे भले थोरले यंत्र आहे. पांढरे, पोटात बोगदा असलेले, आणि चालू झाले की पत्र्यावर कोणी हातोडे मारावेत तसे ठणाणा करणारे. त्याच्या अंगात जबरदस्त चुंबक आहे. म्हणून त्या खोलीत शिरताना किल्ल्या, घड्याळ, नाणी सगळे बाहेर काढून ठेवावे लागते. माणसाला कुठेही न कापता हे यंत्र त्याच्या आतले चित्र काढून दाखवते. गुणी आहे बिचारे. पण एक खोड आहे. अमुक जागा तमुक जागेपेक्षा उजळ आहे, एवढे ते छातीठोकपणे सांगते. नेमकी किती उजळ, असे विचारले की मूग गिळून गप्प बसते. मग शेजारी असे काहीतरी ठेवावे लागते, ज्याचे माप आधीपासून पक्के ठाऊक आहे. ते काहीतरी म्हणजे मी. आमच्या जातीला साहेबाच्या भाषेत फँटम म्हणतात, म्हणजे भूत. इथल्या लोकांनी त्याचे लाडाने भूतोबा केले.

माझा जन्म दवाखान्यामागच्या छोट्या कारखान्यात झाला. एका म्हाताऱ्या कारागिराने प्लास्टिकच्या जाड पट्ट्या कापल्या, कडा घासल्या आणि डिंकासारखे काहीतरी लावून मला चौकोनी केले. माझ्या पोटात त्याने बोटाएवढ्या पाच बंद नळ्या ओळीने बसवल्या. नळ्यांतले पाणी भरले ते मास्तरांनी. मास्तर म्हणजे इथले भौतिकशास्त्रज्ञ. समोर भिंत असली तरी तिलाही समजावून सांगत बसतात, म्हणून सगळे त्यांना मास्तर म्हणतात. पहिल्या नळीत चित्र उजळवणारे द्रव्य अगदी थेंबभर, दुसरीत त्याहून जास्त, असे करत पाचवीत सगळ्यांत जास्त. शेवटी मला पाण्याने भरताना आत बुडबुडे राहिले. कारागीर मला तिरका धरून टिचक्या मारत बसला आणि एकेक बुडबुडा वर येऊन फुटला. "आता याला पोटदुखी नाही," असे म्हणून त्याने माझे झाकण कायमचे चिकटवले.

आता इथे नवे काय चालते ते सांगतो, नाहीतर पुढचे कळायचे नाही. कर्करोगावरचे औषध नेहमी सगळ्या अंगात फिरते. चोर एका घरात आणि दंडुके साऱ्या गावाला, अशातली गत. केस गळतात, उलट्या होतात, माणूस अर्धा होतो. म्हणून इथल्या डॉक्टरांनी ते औषध चरबीच्या अगदी बारीक पुड्यांत बंद केले. इतक्या बारीक की डोळ्याला दिसतही नाहीत. या पुड्या रक्तातून फिरत राहतात आणि सहसा उघडत नाहीत. जिथे जराशी ऊब लागेल, ताप आल्यावर अंगाला येते तेवढी, तिथेच उघडतात. मग गाठीच्या जागी बाहेरून, कातडीला धक्का न लावता, आवाजाच्या लहरींनी ऊब द्यायची. पुड्या तिथे फुटतात आणि औषध जिथे हवे तिथेच सांडते.

पण ते खरेच सांडले का, हे कसे कळायचे? त्यासाठी पुडीत औषधाच्या जोडीला चित्र उजळवणारे द्रव्यही भरतात. पुडी बंद, तर चित्रात अंधार. पुडी उघडली, की तेवढी जागा उजळते. डॉक्टर त्या उजेडाशेजारी माझ्या नळ्या बघतात. गाठ माझ्या पहिल्या नळीइतकीच उजळली तर औषध जवळजवळ पोचलेच नाही. तिसरीइतकी उजळली तर काम झाले. थोडक्यात, मी साक्षीदार आहे. साक्षीदाराने आज एक, उद्या दुसरे बोलून चालत नाही. आपण स्वतः बदलायचे नाही, म्हणजे दुसऱ्यात झालेला बदल दिसतो. ऐकायला सोपे वाटते, पण बघा एकदा करून.

सुरुवातीची वर्षे माझी चैन होती. रोज सकाळी यंत्रात सर्वांत आधी मान माझा. यंत्र चालवणारी ताई मला दोन्ही हातांनी उचलायची. "चला भूतोबा, यंत्राची परीक्षा घ्या," म्हणायची. पाहुणे आले की मास्तर मला उंच धरून दाखवायचे. बाकीचा वेळ मी यंत्राच्या खोलीतल्या माझ्या फळीवर असायचो.

मग एका दिवशी गडबड झाली. एक रुग्ण यंत्रात झोपला, औषध टोचले, आणि मी कुठे आहे हे कोणालाच आठवेना. मी मास्तरांच्या टेबलावर होतो. पाहुण्यांना दाखवून झाल्यावर ते मला परत ठेवायला विसरले होते. मग पळापळ, आरडाओरड! तेव्हा इथल्या सिस्टरांनी कमरेला हात लावून जाहीर केले, "आजपासून ज्या रुग्णाचं जे जे लागतं ते सगळं एका ट्रेमध्ये. मी स्वतः आदल्या दिवशी लावून ठेवणार." सिस्टर म्हणजे टापटिपीचा कळस. त्यांच्या कपाटातल्या पट्ट्यांच्या गुंडाळ्यासुद्धा शाळेतल्या रांगेसारख्या उभ्या असतात. त्यांनी ट्रे लावला. त्यात सुया, पट्ट्या, हातमोजे, औषधाची कुपी आणि मी. औषध तर थंड जागी ठेवावे लागते. म्हणून सिस्टरांनी अशा दिवशी सकाळच्या यंत्रपरीक्षेतून मला सुट्टी दिली, अख्खा ट्रेच फ्रीजमध्ये सरकवला आणि समाधानाने दार लावले.

आणि मित्रांनो, इथेच घात झाला.

कारण गारठलो की माझे पाणी बदलते. डोळ्याला तसेच दिसते, पण चित्रात माझ्या नळ्या आहेत त्यापेक्षा जास्त उजळ दिसू लागतात. मी जास्त उजळ दिसलो की शेजारचा आपोआप फिका वाटतो. हे मास्तरांना पक्के ठाऊक होते. सिस्टरांना ते कोणी सांगितलेच नव्हते.

दुसऱ्या दिवशी आल्या त्या ड्रायव्हरबाई. शहराची मोठी बस चालवणाऱ्या, रुंद खांद्यांच्या, मोठ्या आवाजाच्या. उजव्या मांडीत, गुडघ्याच्या वर त्यांना कर्करोगाची गाठ होती. सोबत त्यांची नणंद होती. या दोघींचे तोंड एकमेकींशी कधी सरळ नसते आणि एकीचे दुसरीवाचून पान हलत नाही.

"वन्सं, माझी चप्पल धरा आणि जरा गप्प बसा," ड्रायव्हरबाई म्हणाल्या.

"तू आत जाशील तेव्हाच जगाला गप्प म्हणजे काय ते कळेल," वन्सं म्हणाल्या आणि चप्पल छातीशी धरून बाकावर बसल्या.

ताईने मला ट्रेमधून उचलून मांडीशेजारी ठेवले आणि वरून चिकटपट्टी लावली. ती सुटली. पुन्हा लावली, पुन्हा सुटली. "या पट्टीला गोंद म्हणून नाही मेलं," असे पुटपुटत ताईने मला कापडी पट्टीने बांधून टाकले.

"अहो, हा डबा केवढा गार आहे!" ड्रायव्हरबाई ओरडल्या.

"इथलं सगळंच गार असतं, बाई. यंत्राला उकाडा सोसत नाही," असे म्हणून ताईने त्यांच्या अंगावर आणखी एक पांघरूण घातले.

मला बोलता येत असते तर मी त्या खोलीच्या काचा फुटेपर्यंत ओरडलो असतो. यंत्र ठणाणले, आवाजाच्या लहरींनी मांडीतल्या गाठीला ऊब दिली, चित्रे निघत गेली. खिडकीपलीकडे पडद्यासमोर बसलेल्या डॉक्टरीणबाईंचा चेहरा हळूहळू उतरत गेला.

त्यांनी नणंद-भावजय दोघींना पडद्याच्या खोलीत बोलावले. मी तिथेच टेबलावर होतो, अंग पुसून ठेवलेला. डॉक्टरीणबाईंनी चित्रावर बोट ठेवले. "ही गाठ. ही डब्यातली पहिली नळी. दोन्ही जवळजवळ सारख्याच दिसतात. म्हणजे औषध गाठीत उघडलेलं दिसत नाही."

"मग?" ड्रायव्हरबाईंनी विचारले.

"पुढच्या खेपेला अजून एकदा बघू. तेव्हाही असंच दिसलं तर मी तुम्हाला खोटी आशा लावणार नाही. गाठ पसरायच्या आत पाय काढावा लागेल. जीव महत्त्वाचा."

 ड्रायव्हरबाई एरवीपेक्षा अगदी बारीक आवाजात म्हणाल्या, "ब्रेक त्याच पायानं दाबतात हो, डॉक्टर. पायाखाली ब्रेक नसेल तर मी कोण?"

"तोंडानं चालवशील," वन्सं पटकन बोलल्या. "नाहीतरी गाडीपेक्षा तुझाच हॉर्न मोठा आहे." वन्संनी भिंतीकडे तोंड फिरवले आणि रुमालाने डोळे पुसले. मला त्या वेळी जे वाटले ते सरळच सांगतो. मला लाज वाटली आणि रागही आला. मी खोटा नव्हतो. मला खोटे पाडले गेले होते, आणि तेही पूर्ण काळजीपूर्वक.

दुसरी खेप आली. आदल्या दिवशी सिस्टरांनी पुन्हा मन लावून ट्रे लावला. या बाईंचे काही चुकू नये म्हणून तर जास्तच मन लावून. रात्रभर मी फ्रीजमध्ये कुडकुडत पडलो.

त्या दिवशी ड्रायव्हरबाई एक शब्द बोलल्या नाहीत. वन्संनी दोनदा खोडी काढून पाहिली, तरी नाही. गार डबा मांडीला लागला तेव्हा त्यांनी फक्त दात आवळले. आज तक्रार केली तर नशीब रुसेल, असे काहीतरी त्यांच्या मनात असावे. ताईने नवीकोरी चिकटपट्टी मागवून घेतली होती, चांगल्यातली. तिने ती माझ्यावर दाबली. पट्टी सुटली. ताईने मला पुसले, पुन्हा लावली. पट्टी पुन्हा सुटली.

आता जुन्या पट्टीला शिव्या देण्याची सोय राहिली नव्हती. ताईने माझ्याकडे नीट पाहिले. आत्ताच पुसलेल्या माझ्या अंगावर पुन्हा बारीक थेंब जमत होते. तिने हातमोजा काढला आणि उघडा तळवा माझ्यावर ठेवला.

"अगं बाई! हा तर बर्फ झालाय. सिस्टर, हा कुठं होता?"

"ट्रेमध्ये. औषधाबरोबर."

"आणि औषध कुठं होतं?"

सिस्टरांनी फ्रीजच्या दिशेने पाहिले.

ताईने औषधाची कुपी लगेच फ्रीजमध्ये परत पाठवली आणि मास्तरांना बोलावले. ते धापा टाकत आले. त्यांनी मला गालाला लावून पाहिले. सिस्टरांच्या डोळ्यांत पाणी होते. "मीच ठेवला. विसरायला नको म्हणून. त्यांचा पाय माझ्यामुळं..."

"थांबा," मास्तर म्हणाले. "मागे विसरलो होतो मी आणि बंदोबस्त केलात तुम्ही. याला गारठवायचं नसतं हे मी वर्षानुवर्षं पाहुण्यांना सांगत आलो. रोज ज्यांच्या हातातून हा जातो त्यांना सांगायचं तेवढं राहिलं. वाटलं, त्यांना काय, माहीतच असेल."

डॉक्टरीणबाईंनी वेळ घालवला नाही. त्या ड्रायव्हरबाईंच्या उशाशी आल्या. "थोडं थांबावं लागेल. मागचं चित्र आम्ही चुकीचं वाचलं असावं. आत्ताच खात्री देत नाही. पण तपासल्याशिवाय पुढं जाणार नाही."

मग माझी उलटतपासणी झाली. आधी गारठलेला असताना माझे चित्र काढले. नंतर मला खोलीत तसेच ठेवून दिले. सिस्टर मला पदराखाली घेऊन ऊब द्यायला निघाल्या होत्या, पण मास्तरांनी अडवले. "त्याला त्याचा त्याचा येऊ दे. घाई केली की पुन्हा घोळ." ड्रायव्हरबाई उठून बसल्या. वन्संनी त्यांच्या पायांत चप्पल सरकवली, मग काढली, मग पुन्हा सरकवली. एका डब्याची थंडी जाण्याची एवढी माणसे वाट बघत आहेत, असे मी आधी कधी पाहिले नव्हते.

मी ताळ्यावर आलो तेव्हा पुन्हा माझे चित्र काढले. मास्तरांनी दोन्ही चित्रे शेजारी लावली आणि गारठल्यावर माझी प्रत्येक नळी किती जास्त उजळते ते काढले. तेवढी दुरुस्ती करून त्यांनी ड्रायव्हरबाईंचे मागचे चित्र पुन्हा वाचले. एकदा वाचले. डॉक्टरीणबाईंना वाचायला लावले. मग ताईला.

"तिसरी नळी," ताई म्हणाली. "गाठीचा बहुतेक भाग तिसऱ्या नळीइतका आहे."

औषध उघडले होते. मागच्याच खेपेला उघडले होते! फक्त हाडाच्या बाजूचा, मागचा एक कोपरा काळा होता. तिथे ऊब नीट पोचली नव्हती. डॉक्टरीणबाईंनी ते जसेच्या तसे सांगितले, कोपऱ्यासकट.

"म्हणजे एक खिडकी उघडली नाही," ड्रायव्हरबाई म्हणाल्या.

"तशीच समजा."

"मग उघडा की. मी कुठं निघालेय?" आवाज पूर्वीइतका मोठा झाला होता. वन्संनी वर बघून हुश्श केले.

त्या दिवशीचे काम मी कधी विसरणार नाही. मी कोरडा होतो आणि चिकटपट्टी माझ्या अंगावर घट्ट बसली होती. डॉक्टरीणबाईंनी लहरींचा रोख त्या कोपऱ्याकडे वळवला. थोडी ऊब द्यायची, चित्र बघायचे, रोख जरा सरकवायचा, पुन्हा ऊब, पुन्हा चित्र. कोपरा काळाच राहिला. मग कडेने राखाडी झाला. काचेपलीकडे कोणी खुर्चीत टेकत नव्हते. हळूहळू कोपरा उजळला, माझ्या दुसऱ्या नळीइतका, आणि शेवटी तिसरीइतका. सिस्टरांनी तोंडावर हात ठेवला. मास्तर काचेलाच समजावून सांगत होते की हे कसे झाले, आणि कोणी त्यांना थांबवत नव्हते. मी फक्त पडून राहिलो. तेच माझे काम होते आणि ते मी जीव ओतून केले.

पुढे आणखी काही खेपा झाल्या. गाठ आकसत गेली. मग शस्त्रक्रिया झाली, पण सर्जनांनी गाठ तेवढी काढली आणि पाय ठेवला. ड्रायव्हरबाई आधी कुबड्या घेऊन आल्या, मग काठी घेऊन. आजार पुन्हा येणारच नाही, असे डॉक्टरीणबाई कधी म्हणत नाहीत. त्या म्हणतात, "पुढच्या तपासणीला वेळेवर या." आणि ड्रायव्हरबाई येतात.

माझेही दिवस पालटले. नवा भूतोबा आला. त्याच्या पोटात तापमान दाखवणारी पट्टीसुद्धा आहे. जरा गारठला की पट्टीचा रंग बदलतो. आमच्या प्रकरणातूनच त्यांना ते सुचले, म्हणून मला त्याचा हेवा नाही. असलाच तर थोडासा. माझ्या एका कडेला चीर गेली, पाणी किंचित कमी झाले, आणि साक्षीदार म्हणून मी बाद झालो. आता मी पडद्याच्या खोलीचे दार आपोआप बंद होऊ नये म्हणून त्याच्यापुढे पडलेला असतो. येणारे जाणारे कधी माझ्यावर चहाचा कप ठेवतात, कधी मला साधी वीट समजतात.

मित्रांनो, तुमच्याही घरात असे न बोलणारे साक्षीदार असतील. मोजपट्टी, ताप बघायची नळी, तराजू, भिंतीवरचे घड्याळ. त्यांच्यावर विश्वास टाकता ना, मग त्यांना सांभाळाही. आणि त्यांना कसे सांभाळायचे हे ठाऊक असेल तर ते पोटात ठेवू नका. घरातल्या प्रत्येकाला सांगा. दुसऱ्याला माहीतच असेल, असे धरून चालू नका. एखाद्या माणसात काही उणे दिसले, तर त्याला नाकारण्याआधी आपले माप एकदा पुन्हा तपासून बघा. एवढीच माझी विनंती आहे.

आणि हो, म्हातारपणी माझी अगदीच उपेक्षा होते असे समजू नका. कालचीच गोष्ट. ड्रायव्हरबाई तपासणीला आल्या होत्या. काठी नव्हती. नेहमीसारख्या वन्संशी भांडत, मागे वळून बोलत दारातून आत शिरल्या आणि मी वाटेत आलो. त्यांनी खाली बघितलेसुद्धा नाही. उजवा पाय उचलला आणि मला बाजूला उडवले.

"अगं, पाय आहे म्हणून काय दिसेल ते उडवत जाशील?" वन्सं ओरडल्या.

मी घसरत थेट भिंतीला जाऊन थडकलो. माझ्या पोटातल्या पाचही नळ्या खडखडल्या. चांगलीच लागली, मित्रांनो. भरल्या पायाची, ब्रेक दाबणाऱ्या पायाची लाथ होती ती.